पडवीतलं ऊन आणि लंडनचे दिवे

लेस्टर स्क्वेअरला तुम्ही गेला असालच. भारतातून पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना तिकडे नेतो, चार फोटो काढतो आणि जेवायला चायनाटाउनमध्ये शिरतो. तिथे लाइल स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. २६ फेब्रुवारी १७८१ या दिवशी या गल्लीतल्या एका घरात लोक पाच शिलिंग मोजून सूर्योदय बघायला जमले होते. पाच शिलिंग ही त्या काळी चैनीची रक्कम. खरा सूर्योदय ग्रीनिचच्या टेकडीवर फुकट दिसत होता, आणि दाखवला जाणार होता तोही ग्रीनिचच्या टेकडीवरचाच.

दाखवणाऱ्याचं नाव फिलिप जाक द लुथरबुर्ग. स्ट्रासबुर्गमध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये नावाजलेला हा निसर्गचित्रकार १७७१ मध्ये लंडनला आला. ड्रुरी लेन थिएटरचा मालक-नट डेव्हिड गॅरिक याने त्याला वर्षाला ५०० पौंडांवर नेपथ्यासाठी ठेवून घेतलं. नेपथ्य करणारे तोवर पडदे रंगवत. लुथरबुर्गने पडद्यावर पडणारा उजेड रंगवायला घेतला. १७७३ च्या डिसेंबरात आलेल्या एका नाटकात त्याने बाजूच्या दिव्यांपुढे रंगीत रेशमाच्या चौकटी बसवल्या. त्या फिरवल्या की हिरवंगार जंगल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत लालभडक होई. आज आपण ज्याला जिलेटिन पेपर म्हणतो, त्याचाच हा पणजोबा.

पण माझ्या मते त्याचं मोठेपण त्या रेशमात नाही. डार्बीशरवर आधारलेला एक खेळ करायचा ठरलं, तेव्हा हा माणूस वही घेऊन डार्बीशरच्या डोंगरांत गेला, गुहा आणि दऱ्या बघून स्केचेस करून आला, आणि मग १७७९ मध्ये तो खेळ उभा राहिला. रंगमंचाच्या नेपथ्यासाठी प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघून येणं तेव्हा रूढ नव्हतं. जंगल म्हणजे जंगल, राजवाडा म्हणजे राजवाडा. गोदामात पडदा तयार असे.

गॅरिक निवृत्त झाला, लुथरबुर्गचं पुढच्या मालकाशी पैशांवरून फिस्कटलं, आणि त्याने लाइल स्ट्रीटवर स्वतःचा छोटा रंगमंच मांडला. नाव ठेवलं आयडोफ्युसिकॉन. ग्रीक शब्दांतून घडवलेलं हे नाव, अर्थ साधारण ‘निसर्गाची प्रतिमा’. रंगमंच जेमतेम सहा फूट रुंद आणि आठ फूट खोल. नट नाहीत, संवाद नाहीत. फक्त उजेड, ढग, समुद्र आणि आवाज. पहिलाच देखावा ग्रीनिचच्या पहाटेचा होता. तागाच्या पातळ पट्ट्यांवर ढग रंगवले होते. त्या पट्ट्या चौकटीवर ताणून रहाटाने तिरप्या सरकवल्या जात आणि मागून उजळल्या जात. आधी करडेपणा, मग केशरी छटा, आणि मग ऊन. ते ऊन एकदम सगळीकडे पडत नसे. आधी झाडांचे शेंडे, इमारतींच्या टोकावरची वाताकुक्कुटं, आणि मग हळूहळू खाली.

इथे जरा थांबा. उद्या सकाळी लवकर जाग आली तर खिडकीतून समोरच्या घराकडे बघा. ऊन आधी चिमणीवर येतं, मग कौलांवर, मग वरच्या मजल्याच्या खिडक्यांत, आणि दारापर्यंत उतरायला त्याला चांगला वेळ लागतो. हे आपण सगळ्यांनी हजारदा पाहिलेलं असतं. तरीही रंगमंचावर ‘पहाट झाली’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी अख्खा डिमर सावकाश वर जातो आणि जमीन, भिंत, छप्पर एकाच वेळी उजळतं. ती पहाट नसते, खोलीतला दिवा सावकाश लावलेला असतो.

चित्रकार गेन्सबरो या खेळाने इतका वेडावला की त्याने स्वतःसाठी एक पेटी करून घेतली. काचेवर निसर्गचित्रं रंगवायची, ती पेटीत बसवायची, मागे मेणबत्त्या लावायच्या आणि पुढच्या भिंगातून बघायची. आयडोफ्युसिकॉन आज शिल्लक नाही, पण गेन्सबरोची ती पेटी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. पाहुण्यांना लेस्टर स्क्वेअरऐवजी तिकडे नेलंत तरी चालेल.

लुथरबुर्गने आणखी एक गोष्ट केली होती: त्याने दिवे वर, प्रेक्षकांना न दिसतील असे लावले. बाकीच्या युरोपात मुख्य उजेड खालून येत होता. रंगमंचाच्या काठाशी जमिनीलगत मेणबत्त्यांची किंवा तेलाच्या दिव्यांची ओळ, म्हणजेच फूटलाइट्स. त्याला कारण होतं. त्या दिव्यांना ताकद नव्हती. वर टांगले तर नटाच्या चेहऱ्यापर्यंत उजेड पोचेना, आणि वात कापायला माणसाला सारखं वर चढावं लागे. म्हणून दिवा नटाच्या जवळात जवळ, म्हणजे पायांशी. परिणाम असा की नाकाची सावली कपाळाकडे आणि हनुवटी चमकणारी. स्ट्रिंडबर्गने १८८८ च्या ‘मिस ज्युली’च्या प्रस्तावनेत या फूटलाइट्सवर चांगलंच तोंडसुख घेतलं आहे. ते काढून टाका, बाजूने उजेड द्या, म्हणजे नटांच्या डोळ्यांतलं काही दिसेल, असं त्याचं मागणं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता, किंवा पडलाच नव्हता म्हणा. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा उजेड म्हणजे तेलाचे दिवे आणि मशाली. त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात दशावतार चालत आला आहे. आधी मशालींवर, नंतर गॅसबत्तीवर, आता ट्यूबलाइटवर. तो रात्रभर चाले आणि संपता संपता झुंजुमुंजू होई. त्यामुळे रंगमंचावर खोटी पहाट करायची कुणाला गरजच नव्हती. खरी येत होती, आणि तीही फुकट.

पुढची शंभर वर्षं अवजारांची आहेत, ती मी भराभर सांगतो. १८१७ मध्ये लंडनच्या लायसियम आणि ड्रुरी लेन थिएटरांत गॅसचे दिवे आले. सगळे दिवे एका जागेवरून कमीजास्त करता येऊ लागले. १८३७ मध्ये कॉव्हेंट गार्डनला चुन्याचा तुकडा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून केलेला लाइमलाइट आला. त्याचा झोत एकाच नटावर टाकता येई. १८८१ मध्ये स्ट्रँडवरच्या सॅव्हॉय थिएटरने सुमारे १२०० विजेचे दिवे लावले, आणि मालक डॉयली कार्टने रंगमंचावर येऊन पेटता दिवा पातळ कापडात गुंडाळून फोडून दाखवला, कापड जळत नाही हे लोकांना पटावं म्हणून. तसं दाखवणं भागच होतं. त्याच महिन्यात व्हिएन्नाचं रिंगथिएटर गॅसमुळे लागलेल्या आगीत शेकडो प्रेक्षकांसकट जळालं होतं.

वीज आली, जीव वाचले, आणि उजेड बिघडला. हे माझं एकट्याचं मत नाही. लायसियमची लाडकी नटी एलन टेरी हिने आपल्या आठवणींत गॅसच्या उजेडाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. त्या उजेडाला एक दाट मऊपणा होता, त्यात धुळीचे कण तरंगताना दिसत, आणि म्हणून तो खऱ्या उजेडासारखा वाटे, असं तिचं म्हणणं. तिने गॅसला खऱ्या उजेडाच्या जवळचं का म्हटलं ते लक्षात घ्या: त्यात हवा दिसत होती. दुपारी माजघरात कौलांच्या फटीतून उतरणारी तिरीप आठवा. ती दिसते कशामुळे? चुलीच्या धुरामुळे, आणि नुकत्याच पाखडलेल्या तांदळाच्या कोंड्यामुळे. हवा स्वच्छ असती तर नुसता जमिनीवरचा कवडसा दिसला असता, वरून आलेला दांडा दिसला नसता. आजचे प्रकाशयोजनाकार रंगमंचावर यंत्राने धूर सोडतात तो याचसाठी.

विजेच्या पहिल्या काही दशकांत थिएटरवाल्यांना भरपूर उजेड म्हणजेच चांगला उजेड असं वाटत राहिलं. त्याविरुद्ध सगळ्यात खोल विचार केला तो जिनिव्हात जन्मलेल्या आदोल्फ आपिया याने. १८९९ च्या पुस्तकात त्याने उजेडाचे दोन भाग पाडले. एक पसरलेला, ज्यात नुसतं दिसतं. दुसरा घडवणारा, जो सावली पाडतो आणि म्हणून वस्तूला गोलाई, वजन देतो. ढगाळ दिवस आणि उन्हाचा दिवस यांतला फरक हाच की! लंडनच्या नोव्हेंबरात माणसं कागदावर कापून चिकटवल्यासारखी का दिसतात, याचं उत्तर आपियाकडे आहे. सगळं दिसतं, पण कशालाच सावली नाही.

आता लेस्टर स्क्वेअरपासून दोन-चार मिनिटं चालत सेंट मार्टिन्स लेनवर या. इथे ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटर आहे. १९०० च्या उन्हाळ्यात पुच्चिनीने इथे ‘मॅडम बटरफ्लाय’ हे नाटक पाहिलं आणि त्याची ऑपेरा करायचं ठरवलं. पुच्चिनीला इंग्रजी फारसं येत नव्हतं. पण त्या नाटकात एक प्रवेश असा होता की ज्याला भाषा लागतच नव्हती. नायिका कागदी पडद्याच्या खिडकीशी नवऱ्याची वाट बघत बसते. संध्याकाळ होते, कंदील लागतात, एकेक करून विझतात, रात्र सरते, पहाट होते. जवळजवळ चौदा मिनिटं एकही शब्द नाही, फक्त उजेड बदलत जातो. हे करणारा न्यूयॉर्कचा डेव्हिड बेलास्को आणि त्याचा दिव्यांचा कारागीर लुई हार्टमन. वाट बघण्यात वेळ कसा जातो, हे सांगायला बेलास्कोला खिडकीवरचा उजेड पुरला.

याच बेलास्कोची एक गोष्ट मला फार आवडते. त्याचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. १९०५ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींवरचं ‘द गर्ल ऑफ द गोल्डन वेस्ट’ करत होता आणि त्यात त्याला सिएरा नेवाडाच्या डोंगरांवरचा सूर्यास्त हवा होता. तीन महिने त्याने आणि हार्टमनने प्रयोग केले. सूर्यास्त जमला, बघणारे खूश झाले. बेलास्कोने तो रद्द केला. त्याचं म्हणणं, सूर्यास्त म्हणून छान आहे, पण कॅलिफोर्नियाचा नाही. तो त्याने दुसऱ्या नाटकवाल्यांना विकून टाकला. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या, तिथल्याच प्रेक्षकांसाठी नाटक करणाऱ्या माणसाला या फरकाची एवढी पर्वा का असावी? प्रेक्षकांतल्या किती जणांनी सिएरा नेवाडा पाहिला होता? पण त्याने पाहिला होता. घर सोडून आलेल्या माणसाचा हा हट्ट तुम्हाआम्हाला समजायला अवघड जाऊ नये.

कारण आपण नेमकं हेच करतो. इकडची मराठी मंडळं गणपतीत, दिवाळीत शाळेच्या हॉलमध्ये नाटकं करतात. कोकणातल्या घराची पडवी उभी केली जाते, झोपाळा येतो, भिंतीवर सूप आणि इरलं लागतं. साड्या बरोबर, बोली बऱ्यापैकी बरोबर. आणि मग दुपार दाखवायला वरून पिवळा फ्लड सोडला जातो. सगळं बरोबर असूनही ती पडवी कोकणातली का वाटत नाही, असं तुम्हालाही कधी वाटलं असेल.

थोडा हिशेब करू. लंडनमध्ये ऐन जूनमध्ये, भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांच्या वर चढत नाही, आणि डिसेंबरात तर फक्त १५ अंशांवर लोंबकळतो. म्हणजे इथलं हिवाळ्यातलं ऊन दिवसभर बाजूनेच येतं. खिडकीतून थेट आत शिरतं, समोरच्या भिंतीवर चढतं, गाडी चालवताना डोळ्यांत जातं. मुंबईत डिसेंबरातही सूर्य दुपारी ४७-४८ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्यात व जुलैच्या अखेरीला अगदी डोक्यावर येतो. डोक्यावरचं ऊन घरात शिरत नाही. कोकणातल्या घराचं छप्पर उतरतं, वळचण खाली आलेली. मग मे महिन्याच्या दुपारी पडवीत बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर उजेड येतो कुठून? अंगणातून. टळटळीत ऊन अंगणातल्या जांभ्यावर, तांबड्या मातीवर आपटतं आणि तिथून तांबूस होऊन वर, पडवीत येतं. आढ्यापेक्षा वाशांची खालची बाजू उजळ दिसते. हनुवटी, नाकपुड्या, पापण्यांच्या खालची बाजू उजळते. खालून येणारा उजेड!

म्हणजे स्ट्रिंडबर्गने ज्या फूटलाइट्सना शिव्या घातल्या, त्या कोकणातल्या दुपारच्या पडवीत निसर्गानेच लावून ठेवल्या आहेत. फक्त त्या मंद आणि पसरलेल्या असतात, एका रेषेत टोचणाऱ्या नसतात. स्ट्रिंडबर्ग स्वीडनचा होता. तिकडे सूर्य लंडनहूनही खाली. बाजूच्या उजेडाची त्याची मागणी त्याच्या देशाला धरूनच होती. त्याचा नियम आपण मालवणला लावायचं कारण नाही.

उजेड बघून तो शिकवण्याची रीतसर पद्धत बसवली ती स्टॅन्ली मकँडलेस याने. हा मूळचा आर्किटेक्ट. १९२५ पासून येल विद्यापीठात शिकवत होता, आणि १९३२ मध्ये त्याचं ‘अ मेथड ऑफ लाइटिंग द स्टेज’ हे छोटं पुस्तक आलं. त्याची मूळ युक्ती साधी आहे. रंगमंचाचे भाग पाडा. प्रत्येक भागावर समोरून डावीउजवीकडून, ४५ अंशांतून, दोन दिवे टाका. एक उबदार रंगाचा, दुसरा थंड. हे त्याने हवेतून काढलेलं नाही. उन्हात उभ्या माणसाचा चेहरा बघा: उन्हाकडची बाजू पिवळसर आणि सावलीकडची बाजू किंचित निळी, कारण तिला उजेड मिळतो तो आकाशाचा. सूर्य आणि आकाश हेच ते दोन दिवे. जगभरच्या शाळाकॉलेजांत आजही ही पद्धत शिकवतात. माझा तिच्यावर एकच आक्षेप आहे. ४५ अंशांचं ते ऊन कुठल्याही गावचं नाही. पद्धत म्हणून पक्की आहे, पण ती पाठ केली की खिडकीबाहेर बघायची गरज उरत नाही.

त्याचीच विद्यार्थिनी जीन रोझेंथल त्या धोक्यातून सुटली. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचा जन्म. आईवडील रुमानियातून आलेले, दोघेही डॉक्टर. तिच्या आधी दिवे हे अमेरिकेत बहुधा नेपथ्यकाराने सांगायचे आणि इलेक्ट्रिशियनने लावायचे काम होतं. ओर्सन वेल्ससोबत १९३७ चा ‘ज्युलियस सीझर’, पुढे ‘वेस्ट साइड स्टोरी’, ‘फिडलर ऑन द रूफ’, आणि अखेरपर्यंत मार्था ग्रॅहमच्या नृत्यरचना. या कामांतून प्रकाशयोजना हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा करणाऱ्या दोन-तीन माणसांत ती येते. ग्रॅहमसाठी ती वरून तिरपा उतरणारा एक झोत वापरे. ग्रॅहमने त्याचं नाव ठेवलं होतं देवाचं बोट. आपण त्याला सरळ तिरीप म्हणू. नर्तकांवर ती बाजूने, विंगमधून उजेड टाके. सकाळी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाकडे बघितलं तर कळतं की तसा उजेड शरीराला हवेत उचलून धरतो, कारण जमिनीवर जवळजवळ काहीच पडत नाही. १९६९ च्या वसंतात, कॅन्सरने खंगलेली असताना, ती व्हीलचेअरवरून ग्रॅहमच्या नव्या रचनेचे दिवे लावायला गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ मे रोजी ती वारली.

भारतात हे काम तापस सेन यांनी केलं. १९५९ मध्ये कोलकात्यात त्यांची दोन नाटकं गाजली. ‘सेतू’मध्ये अंधारातून आगगाडी प्रेक्षकांच्या अंगावर आल्यासारखी वाटे, उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाई आणि मजूर बुडत. रंगमंचावर गाडी नव्हती आणि पाणीही नव्हतं, होता तो उजेड आणि आवाज. साधनं अगदी तुटपुंजी. लोक गाडी आणि पाणी बघायला म्हणून तिकीट काढत, हे कौतुक की टीका, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर ज्याने कधी रुळाजवळ उभं राहून लांबच्या गाडीचा दिवा ठिपक्यातून फुगत जाताना पाहिलेला नाही, त्याला ते सुचलंच नसतं.

या सगळ्या मंडळींकडे नसलेली एक गोष्ट मात्र आपल्याकडे आहे. आपल्या भाषेने उजेडाची वर्गवारी आधीच करून ठेवली आहे. कोवळं ऊन, टळटळीत ऊन, कललेली उन्हं, तिरीप, कवडसा, टिपूर चांदणं, मिणमिणता दिवा. यांतला प्रत्येक शब्द दिव्याची जागा, उंची आणि ताकद सांगतो. नुसता कवडसा घ्या. कौलांतली फट कशीही वेडीवाकडी असो, ती बारीक असेल तर खालचा कवडसा गोलच पडतो, कारण तो सूर्याचंच चित्र असतो. दहा-बारा फुटांवर त्याचा व्यास सव्वा इंचाच्या आसपास भरतो, आणि तो मिनिटाला जवळपास अर्धा इंच सरकतो. वीस मिनिटांच्या प्रवेशात तो झोपाळ्याच्या कडीपासून आजीच्या पायापर्यंत पोचला, तर दुपार सरल्याचं कुणी बोलून दाखवायची गरज नाही. चौदा मिनिटांच्या बेलास्कोला हे नक्की आवडलं असतं.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या नाटकात दिव्यांशी बसलेल्या मुलाला ‘जरा पिवळं कर’ एवढंच सांगू नका. तो इथे वाढलेला आहे. त्याच्या डोळ्यांतली दुपार क्रॉयडनची किंवा हाउन्स्लोची आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला सांगा की सूर्य डोक्यावर आहे, छप्पर खाली आहे, अंगण तांबडं आहे. बाकीचं तो शोधेल. एलईडी दिव्यांत आता हवा तो रंग मिळतो, एक-दोन दिवे जमिनीवर ठेवून वर तोंड करायला पैसेही पडत नाहीत.

तिन्हीसांजेला मात्र जरा जास्त काम आहे, कारण तेव्हा दोन उजेड एकाच वेळी चालू असतात. बाहेरचा निळा, उतरत जाणारा. आतला समईचा पिवळा, मुळात तेवढाच असलेला, पण अंधार वाढेल तसा वाढल्यासारखा दिसणारा. मध्ये कधीतरी दोन्ही सारखे होतात. तेव्हा दारात उभ्या माणसाची एक बाजू निळी आणि एक पिवळी असते. मुंबईत सूर्य बुडाल्यापासून पंचवीसेक मिनिटांत सगळा कारभार आटोपतो. लंडनच्या जूनमध्ये त्याला दुप्पट वेळ लागतो, तेव्हा बघून ठेवायचं असेल तर इथे जास्त सोयीचं आहे: साडेनऊच्या सुमाराला मागच्या दारी जा, स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी उंबऱ्यात उभं करा.